ओला स्वेटर आणि पाव मिलिमीटर

१५ जानेवारी २०१२, रविवार. सकाळी ९.१०

या दोन हातांनी केलेल्या वस्तू, नोंद असावी म्हणून: स्पीकरची दोन खोकी, अठरा मिलिमीटर प्लायवुडची, एकही खिळा नाही. एक अ‍ॅम्प्लिफायर, तो गुणगुणतो असं फक्त माझ्या बायकोला, जॅनिसला वाटतं. रेकॉर्डचं कपाट, घर कललेलं आहे, कपाट नाही. आणि रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल, १९९१. खालचा दगड मोडीत निघालेल्या बिलियर्ड टेबलाचा, वजन एकतीस किलो. मोटरवरची, पट्टा फिरवणारी कप्पी लेथवर मीच कातली, बरोब्बर बारा मिलिमीटर. पट्टा घसरू नये म्हणून वर कापडी चिकटपट्टीचा एक वेढा. एकवीस वर्षांत एकदाही घसरलेला नाही. हे सगळं कॉलेजची पायरी न चढता.

आज हे लिहायचं कारण: एड्रियन पॉकलिंग्टन.

१७ जानेवारी, मंगळवार

आता शांत आहे. दोन कप चहा झाले.

आमच्या गावच्या, ग्रिम्सबीच्या, दि अंडरमॅनेजर्स या बँडचा एकुलता एक अल्बम, 'कूपन्स फॉर द कोस्ट', १९८५. अकराशे प्रती खपल्या. जास्त का नाही खपल्या? कारण एड्रियनने गावच्या साप्ताहिकात चार ओळी लिहिल्या: 'हा अल्बम ओल्या स्वेटरसारखा आहे. जड, गार, आणि वाळता वाळत नाही.' बँड वर्षभरात फुटला. कात्रण सत्तावीस वर्षं माझ्या पाकिटात आहे. लग्नाचा फोटो होता तिथे.

आता त्या अल्बमची नवी सीडी आलीय. सोबतच्या पुस्तिकेत लेख कुणाचा? एड्रियनचा! आज त्याचं रेकॉर्डचं दुकान आहे आणि म्हणे तो 'या अल्बमचा जुना चाहता' आहे.

याची जिरवल्याशिवाय राहणार नाही.

२२ जानेवारी, रविवार. दुपारी

सीडी घेतली. केवळ पुरावा म्हणून. एड्रियनच्या दुकानातून नाही, पूल ओलांडून हल शहरातून. येण्याजाण्याचा टोल भरला, पण तत्त्व ते तत्त्व.

स्टॉपवॉच लावून दोन्ही ऐकले. सीडी: ४१ मिनिटं १० सेकंद. माझी मूळ रेकॉर्ड, माझ्या टर्नटेबलवर: ३९ मिनिटं ३१ सेकंद. म्हणजे हरामखोरांनी अल्बम ताणलाय! एक मिनिट एकोणचाळीस सेकंद!

मूळ वेष्टनावरही ४१.१० छापलंय, ते सोडा. वेष्टनावरच्या वेळा सगळ्याच कंपन्या फुगवून छापतात. माझ्याकडच्या झाडून सगळ्या रेकॉर्डवर हाच प्रकार आहे. १९९१ पासून तीन कंपन्यांना पत्रं लिहिली. एकीचंही उत्तर नाही. उत्तर असतं तर दिलं असतं.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं ऐकावं. मासेमारी बोटीच्या भोंग्याने सुरू होतं, मग बँडची गायिका लोरेन किर्कबी अशी गाते की जणू शेवटची बस निघालीय आणि ही मागून पळत, हसत येतेय. सीडीवर तीच बाई बस चुकल्यावर बाकावर बसल्यासारखी वाटते.

२८ जानेवारी, शनिवार

योजना ठरली. ९ फेब्रुवारीला क्लबच्या माडीवर एड्रियनची 'अल्बम संध्याकाळ' आहे. दिवे मंद, अख्खा अल्बम सलग, कुणी बोलायचं नाही, चिप्सची पिशवीसुद्धा फोडायची नाही. नंतर चर्चा. लोरेनही येणार आहे. ती हल्ली लाउथला लोकांना गाडी शिकवते.

मी: १. कात्रण वाचणार. २. मूळ रेकॉर्ड वाजवून लबाडी उघडी पाडणार. ३. माफी स्वीकारणार (लगेच नाही).

जॅनिसला सांगितलं. ती म्हणाली, सूड घे बाबा, पण तो दगड उचलताना गुडघ्यात वाक. मागच्या वेळी कमरेचं काय झालं होतं ते मीच निस्तरलं.

४ फेब्रुवारी, शनिवार

क्लबला फोन केला, माझं टर्नटेबल आणतोय म्हणून. फोन नेमका एड्रियनने उचलला. म्हणाला, आण की रॉय, मजा येईल. घाबरलाय. आवाजावरून कळतं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार. कामावर रजा टाकली (कंबर)

क्रमाने लिहितो.

बावीस माणसं होती. सुरुवातीलाच एड्रियन उभा राहिला, खिशातून कागद काढला आणि स्वतःच वाचलं: ओल्या स्वेटरसारखा. म्हणाला, बाविसाव्या वर्षी मी गाढव होतो. चाहता झालो तो नंतर. लोरेन, माफ कर. लोरेन म्हणाली, अरे, आमचा ड्रमर तर याहून वाईट बोलायचा. हशा. टाळ्या. माझं कात्रण माझ्या हातात.

ठीक. मुद्दा क्रमांक दोन.

टर्नटेबल लावलं. मूळ रेकॉर्ड ठेवली. पहिल्या गाण्यालाच लोक माना वर करून बघायला लागले. लोरेन तोंडावर हात ठेवून हलत होती. मला वाटलं, रडतेय. हसत होती. म्हणाली, देवा, ही कोण पोरगी? मी एवढी आनंदी कधी होते?

मग एड्रियनने दुकानातली ती कागदी चकती आणली, रेषारेषांची. फिरत्या रेकॉर्डवर ठेवायची. वेग बरोबर असेल तर दिव्याखाली रेषा जागच्या जागी उभ्या दिसतात. उभ्या राहिल्या नाहीत. एड्रियन म्हणाला, रॉय, गड्या, रेषा निघाल्या क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्याला, आइस्क्रीम खायला.

मी क्लबच्या विजेला दोष दिला. मागून कुणीतरी म्हणालं, मग त्याच विजेवरचं भिंतीवरचं घड्याळ कसं बरोबर चालतंय रे?

चौघांनी मिळून दगड खाली आणला. एक जण एड्रियन होता. हे मी विसरणार नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

विजेचा दोष नाही. चकती एड्रियनने बळेच हातात कोंबली होती. घरीही रेषा पळतात.

हिशेब केला. चिकटपट्टीची जाडी पाव मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा. बाराची कप्पी साडेबाराची झाली. कप्पी जाड, म्हणून रेकॉर्डचा वेग चार टक्क्यांनी जास्त. कप्पी माझी बरोब्बर होती, हे ध्यानात घ्यावं. चूक चिकटपट्टीची.

पट्टी सोलली. एकवीस वर्षांची, हातात भुगा झाला. रेषा उभ्या राहिल्या. अल्बम लावला: ४१ मिनिटं १० सेकंद.

पूर्ण ऐकला. जड आहे. गार आहे. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याला मी उठून खिडकी लावली.

वाळत नाही.

(हे पान फाडणे.)

१३ ते १८ फेब्रुवारी

नवी चिकटपट्टी, चार प्रकार. एक जाड, एक पातळ, एक घसरते, एकाने लोरेनच्या आवाजाची चिरचिरणारी खार झाली. जुनी पट्टी मासळीच्या कारखान्यातली होती. मीच तिथला फिटर, म्हणून भांडारात विचारलं. ती बनवणारे केव्हाच बंद पडले. जॅनिस म्हणाली, ते गाणं परवापर्यंत स्वयंपाकघरात ऐकू आलं की मी भांडी घासता घासता नाचायचे, आता काय झालं त्याला? काही नाही म्हटलं.

१९ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी ५.४०

लोरेन दारात आली. बाहेर तिची शिकाऊची पाटी लावलेली गाडी. चहा घेतला नाही. म्हणाली, दहा दिवस तोच आवाज कानात आहे. स्टुडिओत शिरण्याआधी आम्ही अस्संच वाजवायचो. तिथे सगळे म्हणाले, सावकाश घ्या, गंभीर वाटेल. तुझ्याकडे आहे तो आमचा खरा अल्बम. टर्नटेबल विकत दे. फक्त त्या पट्टीला हात लावू नकोस.

जॅनिस माझ्याकडे बघत होती. कप्पी माझ्या खिशात होती, पट्टीविना उघडी, बरोब्बर बारा मिलिमीटर.

मी म्हटलं, हातांनी केलेली वस्तू मी विकत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

चारशे पौंड देत होती.