मागच्या खोलीतल्या माश्यांची निरवानिरव

मी, श्रीमती तुळशी हरिचंद्र भोईर, वय वर्षे बहात्तर, राहणार चिखलोली, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे, सेवानिवृत्त कीटकशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या बुद्धीने, कोणाचाही धाक नसताना लिहीत आहे. या घरात धाक असलाच तर तो माझा आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याची खात्री डॉ. प्रज्वल केणी यांनी करून घेतली आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी ते केले आणि करता करता त्यांच्या खिडकीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण चढला आहे तेही दाखवून दिले. त्यांनी दाखला लगेच लिहून दिला.

असा कागद लोक सहसा माणूस गेल्यावर, तेरावे आटोपल्यावर उघडतात. माझा तसा उघडून चालणार नाही. माझ्या मालमत्तेतला एक भाग जिवंत आहे आणि माझ्या सुतकात मागची खोली दहा दिवस बंद राहिली तर तो मरेल. म्हणून याच्या प्रती मी आजच सगळ्यांना देत आहे. ज्याला भांडायचे असेल त्याने मला ऐकू येते तोवर भांडून घ्यावे.

कलम १. माझी माणसे. माझे पती हरिचंद्र अकरा वर्षांपूर्वी श्रावणात वारले. मूळचे मिठागरवाल्यांच्या घरातले, नोकरी रंगाच्या कारखान्यात, आणि स्वभाव असा की बायको घरात किडे पाळते याचा त्यांना अभिमान वाटे. त्यांचे थोरले भाऊ दौलतराव, म्हणजे माझे भाऊजी, शेजारच्याच घरात राहतात. मुलगी जिज्ञासा उल्हासनगरला दिली आहे. जावई कमलेश मोटवानी यांचे तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यांचे दुकान आहे. मुलगा अमित आणि सून किर्ती माझ्याजवळ राहतात.

कलम २. मागच्या खोलीत काय आहे. कायद्याच्या माणसांसाठी हे सोपे करून लिहिते. भाताचा मोठा शत्रू खोडकिडा. त्याची अळी खोडात शिरली की लोंबी पांढरी आणि पोचट निघते, आणि तिथवर कोणतेही औषध नीट पोहोचत नाही. पण एक गांधीलमाशी आहे, रव्याच्या कणाएवढी, न चावणारी. ती आपली अंडी खोडकिड्याच्या अंड्यात घालते. आतून अळीऐवजी पुढची माशी निघते. शेतकरी हिला मित्रकीटक म्हणतात. मी तांदळातल्या पतंगाची अंडी पुठ्ठ्याच्या कार्डावर डिंकाने चिकटवते, त्यांवर माश्या सोडते, अंडी काळी पडली, म्हणजे आत माशी धरली, की कार्ड शेतात टांगायला जाते. अशी कार्डे बाजारातही मिळतात. पण बाजारातली माशी आपल्याकडच्या पावसात ढेपाळते. माझी माशी बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, माझी जुनी शेतकरी मैत्रीण भिमाबाई हिच्या भाताच्या खाचरात सापडलेली आहे. पावसाने जरा उसंत दिली की ती उडते आणि कामाला लागते. हा वाण मी निवडून निवडून पक्का केला आणि माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले काम तेच आहे. मुलांनी वाईट वाटून घेऊ नये, मुले आम्ही दोघांनी मिळून केली.

कार्ड पावसात धुपू नये, मुंग्यांनी खाऊ नये म्हणून ते पळसाच्या पानाच्या उपड्या द्रोणाखाली टांगायची युक्तीही माझी. अमित म्हणतो पेटंट घेऊ. द्रोण मी शोधून काढला असे छापून आले तर आख्खा ठाणे जिल्हा हसेल. तो ज्याला हवा त्याने वापरावा.

या माशीचे आयुष्य आठवड्याभराचे. दर पिढीला नवी अंडी द्यावी लागतात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर कार्डे काही दिवस कळ काढतात, पण फ्रिजमध्ये ठेवायलाही कोणाचा तरी हात लागतो.

कलम ३. हा वाण, पतंगांचे डबे, आणि मागची खोली वापरण्याचा तहहयात हक्क मी माझी मुलगी जिज्ञासा हिला देते. कारण असे आहे.

हरिचंद्र गेले त्या दिवशी भाऊजींनी मागच्या खोलीला कुलूप घातले. मी हात जोडले. ते म्हणाले, "घरान सुतक हाय, आन तू किडं पालाला बसतेस?" मला पुढच्या खोलीत चटईवर बसवले. आल्यागेल्याने डोळे पुसायचे आणि मी भिंतीकडे बघायचे, असे चालले. तिसरा दिवस संपला. चौथ्या दिवशी सकाळी जिज्ञासा न्हाऊन आली आणि काकांसमोर उभी राहिली.

"काका, लग्न झालेली मुलगी परक्या घरची ना? तुम्हीच म्हणता. मग माझं सुतक तीन दिवसांचं. ते फिटलं. चावी द्या."

भाऊजी म्हणाले, "चावी घरच्या मानसाला. तू परक्या घरची."

चार बायका हसल्या. जिज्ञासा हसली नाही आणि भांडलीही नाही. तिने कमलेशला फोन केला. दोघे स्कूटरवरून भर पावसात भिमाबाईच्या खाचरावर गेले, कारण हरिचंद्र जायच्या आधीच्या आठवड्यात मी तिथे कार्डे टांगली होती. गुडघाभर चिखलात पानन् पान उलटून तिने काळी पडलेली अंडी शोधली आणि ती पाने मिठाईच्या खोक्यात घालून उल्हासनगरला नेली. आता या माश्यांना अंडी घालायला पतंगाची ताजी अंडी हवीत. ती तिला सासूबाईंच्या डब्यातल्या जुन्या तांदळात मिळाली. कीड लागलेले तांदूळ घरात निघाले म्हणून त्या बाई ओशाळल्या होत्या, तर सून डबा छातीशी धरून नाचायला लागली. कमलेशने दुकानातला पांढरा पुठ्ठा कापून दिला. "मम्मी, कार्ड मेरा, अंडी तुमची, पार्टनरशिप पक्की," असे तो मला आजही म्हणतो आणि पुठ्ठ्याचे पैसे आजही घेत नाही.

अकराव्या दिवशी कुलूप उघडले. खिडकीच्या काचेखाली माझ्या माश्यांचा राखेसारखा थर पडला होता. मी तो झाडूनही काढला नाही, तिथेच उभी राहिले. तेव्हा जिज्ञासाने पर्समधून कार्ड काढून माझ्या हातावर ठेवले. अंडी काळी होती. आज खोलीत आहे ते सगळे त्या कार्डाची संतती आहे.

म्हणून मी ठरवले आहे की जिला परकी म्हणून किल्ली नाकारली तिचे परकेपणच मला उपयोगी आहे. रूढीने तिला तीन दिवस दिले आहेत, तेवढे मी चालवून घेईन. त्या तीन दिवसांत कमलेशने कार्डे फ्रिजमध्ये ठेवावीत. तुमच्याकडे सासूचे सुतक किती, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "मम्मी, माशी को थोडी पता है." जावई म्हणून मी त्याला चांगला निवडला असे लोक म्हणतात, निवड जिज्ञासाची, श्रेय मी घेते.

कलम ४. अटी. हा वाण कोणत्याही कंपनीला एकटीच्या मालकीने विकता येणार नाही. पुण्याच्या एका कंपनीचे गृहस्थ गाडी घेऊन तीनदा येऊन गेले. चहा चांगला पितात. त्यांना हवी असेल तर इतरांसारखी कार्डे घ्यावीत, पण बारवीकडच्या शेतकऱ्याने उद्या आपल्याच खाचरातली माशी त्यांच्याकडून परवानगीने घ्यायची, हे मला मेल्यावरही सोसणार नाही.

कलम ५. माझे सूक्ष्मदर्शक सून किर्ती हिला. लग्न होऊन आली तेव्हा ती मागच्या खोलीच्या दारातून नाक मुरडून परत जायची. एकदा मी तिला जबरदस्तीने डोळा लावायला लावला. "अय्या आई, हिचे डोळे लाल आहेत!" म्हणाली आणि तासभर उठली नाही, कुकर जळला. तो कुकर मी कोणालाच देत नाही, तो भंगारात घालावा.

हिरव्या बुरशीच्या सगळ्या बाटल्या आणि ती तांदळावर वाढवायचा सरंजाम भिमाबाईला. ही बुरशी दुसऱ्या, मुळे कुजवणाऱ्या बुरशीला खाते. भिमाबाईच्या काकड्या आणि वाल तिच्यावर उभे आहेत. तिला नाव सांगितले होते, ट्रायकोडर्मा. ती म्हणाली, "बाई, नाव ऱ्हाऊ द्या, हिरवी पावडर म्हनते, ती पन वळखते." तिची आणि माझी ओळख माझ्या नोकरीइतकी जुनी आहे. माझ्या मागे तिच्याकडे कोणी ना कोणी जात राहावे. तिला औषध लागत नाही, गप्पा लागतात.

कलम ६. बदलापुरातल्या एका कीटकनाशकांच्या दुकानदाराने मला आयुष्यभर गिऱ्हाइकांसमोर माशीवाली बाई म्हटले. नाव लिहीत नाही, त्याला कळेल. मागल्या वर्षी त्याच्या स्वतःच्या शेतात पांढऱ्या लोंब्या निघाल्या आणि तो संध्याकाळी मागच्या दाराने कार्डे मागायला आला. मी दिली. पुढेही द्यावीत, पण पुढच्या दाराने, चार लोकांच्या देखत.

दौलतराव भाऊजींवर मी बरीच वर्षे रागावून होते. त्यांनी जे केले ते भावाच्या दुःखात केले, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होते, तरी राग होता. आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत आणि माझ्या अंगणातली फुले न विचारता नेतात. त्यांनाच मी या कागदावर साक्षीदार घेतले आहे. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात. म्हणून त्यांना फक्त माफी, ती मालमत्तेत धरत नाहीत.

कलम ७. चिखलोलीचे बैठे घर आणि अंगण, जिज्ञासाचा मागच्या खोलीचा हक्क राखून, मुलगा अमित याला. स्टेशन होणार म्हणून बिल्डर फेऱ्या मारतात. विकायचे की नाही ते त्याने ताईला विचारून ठरवावे. बँकेतल्या ठेवी दोघांना निम्म्या. माझे दागिने किर्ती आणि जिज्ञासा यांनी समोरासमोर बसून वाटून घ्यावेत, मधे कोणी पडू नये.

हा मसुदा मी परवा सगळ्यांना वाचून दाखवला. अमित मधेच उठून अंगणात गेला. मी मागोमाग गेले. तो म्हणाला, "आई, जिवंत आहे ते सगळं ताईला. मला भिंती." मग म्हणाला, "मी पण नाही पाळणार सुतक. मी बघतो ना खोली. मला का नाही सांगत?" एकेचाळीस वर्षांचा माणूस, तोंड फिरवून बोलत होता. बोलताना मी गडबडते, म्हणून उत्तर इथे लिहिते.

अमित, त्या दहा दिवसांत ताई चिखलात उतरली ही गोष्ट सगळे सांगतात. तू काय केलेस हे कोणी सांगत नाही, कारण तू नुसता बसला होतास. मला लागून, त्याच चटईवर. भिंतीपलीकडे माझे काम मरत होते आणि अलीकडे माझा माणूस नव्हता. मी जेवायचे नाही असे मनाशी ठरवले होते, हे तुला कुठून कळले देव जाणे. तू ऑफिसचे फोन वाजू दिलेस. दर जेवणाला भात कालवून माझ्यापुढे धरलास आणि मी तोंड उघडेपर्यंत हात खाली घेतला नाहीस. बाळा, तू बसला होतास म्हणून मी उठले. ताईने माश्या वाचवल्या. मला तू वाचवलेस.

तेव्हा माझे सुतक तू पूर्ण पाळायचे आहेस, दहाच्या दहा दिवस. चौथ्या दिवशी ताई मागच्या खोलीतले काम आटोपून, हात धुऊन बाहेर येईल. ती रडणार नाही, जेवणारही नाही, माझ्यावर गेली आहे. तिला तुझ्या चटईवर बसव आणि भात कालव. जिवंत ते सगळे मी ताईला दिले, हे खरे. ताई मी तुला देते.

एवढे लिहून मी हे पुन्हा एकदा वाचले, त्यात खाडाखोड केली नाही, आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

(सही) तुळशी हरिचंद्र भोईर

साक्षीदार:
१. (सही) दौलतराव बाळ भोईर, चिखलोली
२. (सही) डॉ. प्रज्वल केणी, अंबरनाथ

स्थळ: चिखलोली
दिनांक: १४ जून २०२५