देसांकाचा पेला

रुझित्सा बाळ, सुखी अस.

मी धडधाकट आहे. लेक देसांका गेल्यापासून तिच्या जिवासाठी खिडकीत पाण्याचा पेला ठेवते.

काल पाद्रीबाबा म्हणाले, "चाळिसावा दिवस झाला, शास्त्राप्रमाणे जीव वर गेला. आता पाणी झाडाला घाल."

जावई व्लादान विद्यापीठात धर्माची चिरफाड शिकवतो. म्हणाला, "आई, आधी जीव म्हणजे काय ते ठरवू."

"तू ठरव बाबा. तोवर तिचा घसा कोरडा पडेल."

एकाकडे उत्तर, दुसऱ्याकडे शंका. माझी श्रद्धा आहे, नि तीच छळते. देसांका येत असेल, तर माझ्याशी बोलत का नाही?

आज पाणी झाडाला घालायला पेला उचलला, तर व्लादाननेच हात धरला. "आजचा दिवस राहू दे, आई."

तुझे गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का?

पाणी रोज कमी होतं. कोण पितं, ते मी बघत नाही.

तुझी थोरली बहीण,
सावका