शनिवारचं तेल

माघ वद्य २, सोमवार
कनेरगावला सरकी टाकून लॉरी परत आली. इंजिनातलं तेल मोजायची काडी काढून पाहिली, तेल पुन्हा खाली. परवाच भरलं होतं. लढाई संपली म्हणतात, पण इंजिनाचं तेल अजून अत्तरासारखं मागावं लागतं.

नरहरी ओट्यावरून मोठ्याने, "दाजी, तेल आभाळात जात न्हाई. वाटंत उतरून घेतात लोक." (हिचा धाकटा भाऊ. माल चढवण्या-उतरवण्याचं तोच पाहतो.) लोक म्हणजे कोण ते विचारायलाच नको, लॉरीवर ड्रायव्हर एकच. रसूलभाई मागच्या चाकाशी वाकलेला. पान्याचा आवाज थांबला. मी काही बोलायच्या आतच पुन्हा सुरू झाला.

माघ वद्य ४, बुधवार
सकाळी रसूलभाई ओट्याच्या खाली उभा. एरवी वर येऊन बसतो.
"मालक, शिवरात्रीची औंढ्याची जत्रा मारून देतो. मग दुसरा मानूस बघा."
काहून म्हणून विचारलं.
"कान तुमचे तेज. मला काहून इचारता?"

मी बैलगाडीवाला, तो टांगेवाला. ही लॉरी दोघांनी मिळून चुकतमाकत शिकलो. स्टेशनामागच्या माळावर पहिल्यांदा चालवली तेव्हा थांबवायला दोघंही हो-हो करत होतो, जनावराला करतात तसं. ती बाभळीला टेकून थांबली.

दुसरा ड्रायव्हर मिळेल. दुसरा रसूलभाई...

माघ वद्य ७, शनिवार
आज एकटाच हसलो. लिहून ठेवतो.

दात घासत अंगणात उभा होतो. लॉरीच्या तोंडाखाली माती ओली, काळी. नेहमीसारखीच. दसऱ्याला हिने इंजिन फिरवायच्या हॅण्डलच्या भोकाभोवती शेंदूर फासला, तेव्हापासून दर शनिवारी तिथं वाटीभर तेल घालते, मारुतीला घालतात तसं. ते तेल आम्ही कुणी पुसत नाही, देवाचं म्हणून. रसूलभाई पुसत नाही, आमच्या देवाचं म्हणून. माती ओली असायचीच.

चूळ टाकली आणि डोक्यात आलं, ही तर कळमनुरीला. माहेरी जाऊन पंधरवडा होत आला. मग हे कुणाचं?

नरहरीला विचारलं, तू घातलंस का रे? "मी काहून घालू? मला साडेसाती न्हाई." बोट लावून हुंगलं. तिळाचा वास नाही. जळका वास, काळंभोर.

रसूलभाईला बोलावलं. दोन हात लांब उभा राहिला.
"तिथं मी हात लावत न्हाई, मालक."
"लाव. देवाचं न्हाई ते, इंजिनचं हाय."
मग पाठीवर सरकत खाली गेला. बराच वेळ खुडबुड. मग खालूनच आवाज, "इंजनाच्या तोंडाशी चेन हाय, तिच्या झाकणाचं पॅकिंग गेलं. इंजन चाललं की धार लागत असंल." आणि एक शिवी. कुणाला ते मी विचारलं नाही. नरहरी ओट्यावर होता, त्यानेही नाही.

छातीवरचं पोतं उतरल्यासारखं वाटलं. तेल चोरीला जात नव्हतं. रस्ता पीत होता.

माघ वद्य ८, रविवार
आधी नारळ फोडला, मग शेंदूर खरवडला. हिला काय सांगायचं ते पुढं पाहू. पाणी सोडून रेडिएटर उतरवला, पंख्याचा पट्टा काढला. पुढची पुली हलेना. तिच्यापायी दुपार गेली. झाकण निघालं तेव्हा पॅकिंग वाळल्या पापडासारखं, खालच्या बाजूला तर नाहीच.

चेन उघडी पाहून नरहरीला चेव आला. हॅण्डल घालून फिरवून बघू म्हणाला.
रसूलभाई ओरडला, "हात लावशील तर बघ! चक्राच्या खुणा जुळलेल्या हायेत. चेन एक दात जरी सरकली तर जत्रेला पाठीवर नेशील का लोकान्ला?"
इतक्या वर्षांत नरहरीला एकेरीत बोललेला पहिल्यांदा ऐकला. नरहरी मुकाट्याने हॅण्डल ठेवून आला. मला बरं वाटलं.

माघ वद्य ९, सोमवार
तयार पॅकिंग हिंगोलीत नाही. नांदेडला माणूस पाठवून जत्रेआधी यायची खात्री नाही. कापडवाल्याकडून ताग्यातला पुठ्ठा आणला. जाड निघाला. शेवटी त्याच्याकडचाच चिवट जाड कागद.

कागद झाकणावर धरून रसूलभाईने गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके दिले. कात्री नाही, पेन्सिल नाही. कागद आपोआप कापला गेला, झाकणाच्या मापाचा. मी धरायला होतो. टुक टुक टुक. एक ठोका भदकन आला, म्हटलं तिथं कडेवरून सुटलं. खरंच सुटलं होतं. "कान बराबर हायेत अजून," म्हणाला. बुधवारनंतरचं पहिलं जादा वाक्य.

शाफ्टाभोवतीचा नमदाही (तेल अडवणारं लोकरीचं कडं) झिजलेला. त्याच्या जुन्या खोगिराखालचा नमदा घरून आणला, त्यातून कडं कापलं. घोडा गेला तरी खोगीर ठेवलं होतं त्याने.

माघ वद्य ११, बुधवार
सुताराकडचा लाखेचा चपडा स्पिरिटात विरघळवून कागदाला दोन्ही बाजूंनी लावला. झाकण बसवलं. मी बोल्ट आवळायला लागलो तर हात धरला, "आधी पुली घाला. झाकण तिच्याभोवती आपली जागा घेईल, मग आवळा. समोरासमोरचे." तसंच केलं. रात्रभर सुकू दिलं नाही, धीर कुणाला होता. रेडिएटर, पट्टा परत चढवून संध्याकाळी चालू केलं. खाली माझं धुतलेलं धोतर अंथरलं. तिघं उकिडवे बसलो. नरहरी तर पार लोळला.

धोतर कोरं.

नरहरीने पान पुढं केलं, "घ्या, रसूलभाई." रसूलभाईने पान घेतलं. खाल्लं नाही, खिशात ठेवलं.

माघ वद्य १४, शनिवार. महाशिवरात्र
दिवसभर औंढ्याच्या खेपा. तांड्यावरच्या बाया गाणी म्हणत बसलेल्या, त्यांचा नाईक टपावर, उतरायलाच तयार नाही. काडी दर खेपेला पाहिली. तेल जागच्या जागी.

ही कालच परतली. शेंदूर कुठं गेला म्हणून उभी राहिली. सगळं सांगितलं. "म्हंजे माझ्या तेलापायी त्या मानसावर आळ आला?" म्हणाली आणि वाटी घेऊन थेट त्याच्याकडे. मी मागे. तो म्हणाला, "वैनी, आता समोरच्या दिव्यावर घाला. तिथून गळलं तर माझ्यावर येत न्हाई." ही हसली, मग डोळे पुसले. उद्यापासून येणार की नाही, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. जत्रा झाली, बोली संपली.

माघ अमावस्या, रविवार
पहाटे जाग आली ती अंगणातल्या हॅण्डलच्या आवाजाने. नरहरी असला की घाईघाईत चार-पाच हिसके, मग शिव्या. हे वेगळं होतं. दोनदा सावकाश ओढ, थोडं थांबणं, मग एकच झटका. इंजिन लागलं. चेन एकसूर.

लॉरीतलं आपलं सामान न्यायला आला असेल रसूलभाई. पण आज वसमतची हळद भरायची आहे, तेही त्याला ठाऊक आहे.

उठून बघायला गेलो नाही. हिला म्हटलं, चहा एक कप जादा टाक.