डुलक्या

१४ ऑक्टोबर, मंगळवार, दुपार

प्रिय खुडबुड्या,

ताईचे आशीर्वाद. अडीच वर्षांनी मोठी असल्यामुळे ते द्यायचा हक्क अजून शाबूत आहे असं धरून चालते. मी बरी आहे. आईचा गुडघाही बरा आहे, निदान फोनवर ती तुला तसं सांगते. तुझी खुशाली मला तिच्या ‘हं’वरून कळते. लांब ‘हं’ म्हणजे काम ठीक चाललंय, तुटक ‘हं’ म्हणजे सर्दी. चार वर्षं मी एवढ्यावरच भागवतेय.

पत्र मात्र कामाचं आहे. मला एक एलएफओ घ्यायचाय आणि त्यात तुझं मत हवंय.

आपल्या सिंथेसायझरच्या पेटीत खालच्या रांगेत, उजवीकडून दुसरी, चार बोटं रुंद जागा चार वर्षं रिकामी राहिली. दात पडलेल्या तोंडासारखी दिसायची. दिवसभर कवळ्या बनवणाऱ्या बाईला घरी येऊन रोज ते बघावं लागायचं, म्हणजे माझं काय होत असेल तूच बघ. तिथे आपला जुना एलएफओ, डुलक्या, होता तेव्हा आवाजाचा फिल्टर आपोआप उघडायचा-मिटायचा. तो काढल्यापासून ते काम मी डाव्या हाताने करायचे. एका हाताने वाजवायचं, दुसऱ्याने नॉब फिरवायचा, आणि नाक खाजलं की संपलं.

गेल्या आठवड्यात आईने विचारलं, “त्या भोकात बसवायचं ते करतं तरी काय?” मी म्हटलं, त्याला स्वतःचा आवाज नसतो, तो बाकीच्यांना हळूहळू वर-खाली डुलवत राहतो. न दिसणारा हात नॉब फिरवत असावा तसं. आई म्हणाली, “म्हणजे पाळणा हलवणारं माणूस. मग तू कशाला घेतेस? मी बसते की तिथे.”

तर शनिवारी दुकानात गेले. तेच आपलं जिन्याखालचं दुकान, फक्त आता एक बाई बसतात. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात आणि तरी चष्मा शोधत असतात. त्यांनी तीन काढून दाखवले.

पहिला साधा. एक मोठा नॉब, एक दिवा, एकच लाट. तुला आवडला असता, कारण बिघडायला त्यात काही नाहीच. दुसऱ्यात एकीच्या जागी चार लाटा आहेत, चारही वेगवेगळ्या गतीने डुलतात, पण वर नखाएवढा पडदा आणि त्यात याद्यांमागून याद्या. गती बदलायला मी आत शिरले ती भलतीकडेच बाहेर पडले. तरी मोह होतोच. चार लाटा एकमेकींना कधी भेटतात आणि कधी चुकवतात, हे बघत मी तिथे बराच वेळ उभी होते. आपण एकाच लाटेवर अख्खी दोन वर्षं कशी काढली, याचं मला नवलच वाटलं.

तिसरा त्यांनी जोडला आणि काहीच झालं नाही. दिवा लागेना. मी म्हटलं, “बाई, हा बंद आहे.”

“चालू आहे,” त्या म्हणाल्या.

“कुठे चालू आहे?”

“थांबा हो जरा.” आणि त्या चहा करायला गेल्या.

चहा झाला, पिऊन झाला, कप विसळून झाले. वळून बघते तर दिवा चांगला उजळला होता. एका हेलकाव्याला अकरा मिनिटं लागतात त्याला. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. बाईंनी सहज विचारलं, “तुमचा आधीचा कशाने गेला?”

“बंद पडला.”

“किती वेळ बघितलात?”

त्या आपल्या धंद्याचं विचारत होत्या, त्यात टोमणा नव्हता.  पण मी फार तर अर्धं मिनिट बघितलं होतं.

घरी येऊन मी खालचा खण उपसला. डुलक्या जुन्या मोज्यात गुंडाळलेला होता. चार वर्षांत मी त्याला एकदाही वीज लावून बघितली नव्हती. उलटा केला तर मागच्या पट्टीवरची ती इवलीशी टोपी एका काडीवरून दुसरीवर सरकवलेली. जलदवरून हळूवर. तिथे मी आयुष्यात हात घातलेला नाही, माझ्याकडे तेवढा बारीक चिमटाच नाही. तो तुझ्याकडे होता.

मी तो जागेवर बसवला आणि समोर खुर्ची टाकून बसले. पाचव्या मिनिटाला दिव्यात जरा धुगधुगी दिसली. अकराव्या मिनिटाला तो पूर्ण पेटलेला होता आणि मग तसाच सावकाश उतरायला लागला. बावीस मिनिटं. चार वर्षांपूर्वी हॉलमधल्या त्या संध्याकाळचं आपलं वाजवणं बरोबर बावीस मिनिटांचं होतं, नाही का? सुरुवातीला सगळं मिटलेलं, मध्यावर पूर्ण उघडणार आणि शेवटी परत मिटणार. मला सांगितलं नव्हतंस, कारण मला चकित करायचं होतं. बरोबर आहे ना माझं?

आता जे लिहायचंय ते तीनदा खोडलंय. कागद बदलत नाही, खाडाखोड दिसू दे.

त्या दिवशी हॉलमध्ये, सुरू करायच्या आधी, तू टेबलाखाली वायरी लावत होतास. दिवा लागत नाही असं बघून मी विचारलं, “याला काय झालं?” तू खालूनच म्हणालास, “झोपलाय. राहू दे.” आता मला सांग, तुझ्याबरोबर दोन वर्षं वाजवत काढल्यावर मी याचा काय अर्थ घ्यायचा होता? तुम्हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांची भाषा घरात तूच आणलीस. लिफ्ट बंद पडली की झोपली. मिक्सर झोपला, इस्त्री झोपली, आईसुद्धा ‘नळ झोपलाय’ म्हणायची. तू तेव्हा म्हणत होतास की त्याला डुलकी लागली आहे. मी ऐकलं की तो मेला.

पण ही सबब झाली. एक शब्द चुकीचा ऐकला म्हणून कोणी पुढचं वाक्य बोलत नाही. मी डुलक्या उपटून काढला आणि हॉलच्या व्यवस्थापकासमोर, आलेल्या तीस-चाळीस माणसांसमोर म्हणाले, “तू हात लावशील ते झोपतं. म्हणूनच त्यांनी तुला काढलं.”

तुझी नोकरी जाऊन तेव्हा सहाच दिवस झाले होते. कोणाला सांगू नकोस म्हणून तू फक्त मला सांगितलं होतंस.

 तुझ्या वायरी तेवढ्या गुंडाळल्यास, एकेक, नेहमीसारख्या सारख्या वेटोळ्यांत, आणि गेलास. मी एकटीने कसंबसं वाजवलं. नंतर किती दिवस सगळ्यांना सांगत होते की ऐन वेळी हा सोडून गेला. निदान तोंड उघडून सांगायचंस तरी, असंही मनात म्हणत राहिले. सांगितलं असतंस तरी मी ऐकून घेतलं नसतं. कारखान्यात साच्यातलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत मी चाळीस मिनिटं निमूट बसते. अनोळखी माणसाच्या दातांसाठी बसते आणि तुझ्यासाठी अर्धं मिनिट बसले नाही, याची मला फार लाज वाटते.

माझं चुकलं. डुलक्याच्या बाबतीतही, पण त्याचं सोड. तुझ्या नोकरीचं मी बोलले ते चुकलं. मला माफ कर.

सल्ल्याचं खोटं नाही, तिसरा बाईंनी रविवारपर्यंत बाजूला ठेवलाय. आपला चालू असताना दुसरा घ्यावा का? दोन डुलके एकमेकांना डुलवायला लागले तर काय होईल, हे मला खरंच बघायचंय. टोपी हळूवरच राहू द्यायची की नाही तेही कळव. मी तिला हात लावलेला नाही.

आणखी एक. त्याच हॉलच्या व्यवस्थापकाने जानेवारीत परत बोलावलंय. मंचावर खुर्च्या किती मांडू, असं त्याने विचारलंय. कळवते म्हटलंय, अजून कळवलेलं नाही. तू नाही म्हणालास तरी मी समजेन आणि लगेच काही बोललाच नाहीस तरी चालेल.

पत्र लिहायला घेतलं तेव्हा दिवा विझलेला होता. मधे दोनदा पेटून विझला. आता परत चढतोय.

या खेपेस थांबलेली,
तुझी ताई