मंगळवारी साडेअकराचा फोन

१२ मार्च

ती. आईंना,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. नवी खोली लहान आहे, पण ऑफिस जवळ पडतं. खालचा शिंपी दिवसभर मशीन चालवतो, त्याचीही सवय झाली. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता असं धरून चालते. माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. ते न वाचता टाकणार नाही याची खात्री आहे. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदही तुम्ही शेवटपर्यंत वाचता.

कामाचं बोलते. गेल्या आठवड्यात तुम्हाला विमा कंपनीचा फोन आला होता. माझ्या ऑफिसच्या पॉलिसीवर नवऱ्याबरोबर तुमचंही नाव आहे, त्यामुळे तुमच्या शस्त्रक्रियेला मंजुरी देण्याआधी ते चौकशी करतात. तिथल्या मुलीने विचारलं, "पॉलिसी ज्यांची आहे, त्या तुमच्या कोण?" तुम्ही म्हणालात, "ते आत्ता सांगता येणार नाही. प्रकरण न्यायालयात आहे."

तिने तसंच्या तसं लिहून घेतलं. मंजुरी थांबली.

मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला, आणि मग ऑफिसात एकटीच हसत बसले. वजनमापे खात्यात तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासलेल्या बाईकडून दुसरं काय होणार? पण आई, या वेळी चूक तुमची आहे. निकाल लागेपर्यंत मी कायद्याने तुमची सूनच आहे. तसं सांगण्यात गुंजभरही खोटं नाही. न्यायालयातून तसा दाखला काढून मी कंपनीला दिला आहे. मंगळवारी साडेअकराला ते पुन्हा फोन करतील.

आता दुसरं. तुमचे चिरंजीव माझ्यावर चिडले आहेत. घटस्फोट दोघांच्या संमतीचा, शेवटची तारीख याच महिन्यात होती, ती मी जूनपर्यंत पुढे का ढकलली, असं विचारतात. त्यांना वाटतं मी मुद्दाम अडवते आहे. वकीलबाईंनीही विचारलं, "मन बदललंय का?" नाही बदललं. आमचं दोघांचं जमत नाही आणि जमणारही नाही.

पण निकाल लागला की पॉलिसीवरून तुम्हा दोघांची नावं जातील. ते धडधाकट आहेत, दुसरी काढतील. तुमच्या हृदयाची झडप मेमध्ये बदलायची आहे, डॉक्टर त्यापुढे थांबायला तयार नाहीत, आणि अशा हृदयाला नवीन पॉलिसी कोण देणार? चिरंजीवांना हे सांगितलं असतं तर तुमच्या कानावर गेलं असतं, आणि सुनेचे उपकार नकोत म्हणून तुम्ही शस्त्रक्रियाच नाकारली असती. ओळखते मी तुम्हाला.

आज तुमच्या त्या उत्तरामुळे सांगावं लागतंय. उपकार समजू नका. लग्न मोडायच्या कागदांवर सह्या करताना मला रडू आलं नाही. तुमचं नाव काढायचा फॉर्म ऑफिसने हातात ठेवला तेव्हा मात्र आलं. हिशेब विभागातला माणूस पाणी घेऊन धावला. मी सर्दी झाली म्हणून सांगितलं.

आणखी एक. घर सोडलं त्या दुपारी तुमचा निरोप घेतला नाही. झोपमोड नको, असं मी स्वतःला समजावलं. तुम्ही जाग्या होतात. मला माहीत होतं. तुमच्यासमोर उभी राहिले असते तर माझा पाय निघाला नसता.

मंगळवारी फोन उचला. विचारतील, ही तुमची कोण? 'सून' म्हणा, बस्स. दुसरं काही जोडू नका. जूननंतर हा प्रश्न कंपनी विचारणार नाही, मी विचारीन. तेव्हा कायदा बघून उत्तर देऊ नका.

तुमची सून
(जूनपर्यंत नक्की)