छज्ज्याखालचे टेकू

६ फेब्रुवारी
प्राचार्यांनी बोलावलं. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर मुलं उन्हात ताटकळतात, तिथे छज्जा हवा. बाहेरचा कन्सल्टंट कशाला, मीच डिझाइन करतो, असं म्हणून टाकलं. आमचे विभागप्रमुख मे महिन्यात निवृत्त होताहेत, याचा माझ्या उत्साहाशी काही संबंध नाही. थोडा आहे.
एकोणीस वर्षं काँक्रीट डिझाइन शिकवतोय. स्वतः काही बांधलं नाही, हे खरं. पण पोहायला शिकवणारा माणूस रोज पाण्यात उतरतोच असं नाही.

८ फेब्रुवारी
ड्रॉइंग तयार. चाळीस मिनिटांत. एका जुन्या साध्या स्लॅबचं ड्रॉइंग घेतलं, मापं बदलली, सही ठोकली.
बायकोने विचारलं, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, मग हे पडत कसं नाही? दहा मिनिटं समजावलं. ती फोनवर विजेचं बिल बघत होती, पण समजलं असावं.
विभागातल्या मॅडम (पूर्वी माझीच विद्यार्थिनी, आता सहकारी) म्हणाल्या, ड्रॉइंग एकदा तपासून देऊ का? गरज नाही म्हणालो. पण हसून म्हणालो.

१९ फेब्रुवारी, सकाळी ११
साइटवर हजर. हेल्मेट मला शोभतं.
सळया बांधणारा फिटर वयस्कर आहे. त्याने विचारलं, मुख्य सळई खाली का? छज्ज्याला वर लागते ना? मी फोनवर प्राचार्यांशी बोलत होतो. फोनवर हात ठेवून म्हणालो, ड्रॉइंगप्रमाणे कर. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग माझा आवाज जरा चढला. एकोणीस वर्षं हेच शिकवतोय, असं सगळ्या मजुरांदेखत सुनावलं. तो पुन्हा तार पिळू लागला. साइटवर वचक हवाच.
विभागाची मीटिंग होती म्हणून निघालो.

२० फेब्रुवारी
मी पोचेपर्यंत काँक्रीट टाकून झालं होतं. घट्ट होईपर्यंत खाली टेकू. हेल्मेटमधला फोटो मुलीला पाठवला. तिचा नुसता अंगठा आला. वसतिगृहात गेल्यापासून मुलं फार मोजकं बोलतात.

२४ फेब्रुवारी
वाईट दिवस.
दुसऱ्या वर्षाचा वर्ग. विषय छज्जा. फळ्यावर आकृती काढली. म्हणालो, टोक खाली वाकू लागलं की वरची बाजू ताणली जाते. काँक्रीटला ताण सोसत नाही. म्हणून मुख्य सळई...
आणि हात थांबला. मुलांना वाटलं, मी प्रश्न विचारतोय. मागच्या बाकावरून कुणीतरी जांभई देत म्हणालं, वर. मी म्हणालो, बरोबर. मग डोकं दुखतंय सांगून वर्ग सोडला.
केबिनमध्ये ड्रॉइंग उघडलं. खाली. सगळी मुख्य सळई खाली, दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या त्या जुन्या स्लॅबसारखी. आणि कोपऱ्यात माझी सही, चांगली ठसठशीत.
टेकू काढले की छज्जा भिंतीपाशी मोडणार. जांभई देणाऱ्या मुलाला जे कळतं ते मला कळलं नाही.

२५ फेब्रुवारी
आज प्राचार्यांना सांगायचं. पक्कं.
संध्याकाळी ६: प्राचार्य मीटिंगमध्ये होते. (मीटिंग साडेअकराला संपली. पावणेबाराला मी जिन्यावरून परत फिरलो.)

२८ फेब्रुवारी
सोमवारी सांगणार. दरम्यान ठेकेदाराला बजावलं, माझ्या परवानगीशिवाय टेकू काढायचे नाहीत. म्हणजे तसा धोका काही नाही. म्हणजे घाई काही नाही.

६ मार्च
ठेकेदार टेकू मागतोय. पंचेचाळीस दिवस काढता येत नाहीत, असं सांगितलं आणि एका नियमाचा नंबर दिला. असा नियम नाही. आयुष्यात प्रथमच नियम रचला. सुचायला अजिबात वेळ लागला नाही, याचीच लाज वाटली.

९ मार्च
मुलं टेकूंच्या मधे जाऊन बसतात. सावली आहे ना. दोरी बांधली. दोरीवर ओले नॅपकिन वाळत घातले त्यांनी. शेवटी पाटी लावली: ‘मधमाश्यांपासून सावधान’. वाचून मुलं मधमाश्या बघायला आत गेली.

१३ मार्च, दुपारी १
खिडकीतून पाहिलं. सातजण छज्ज्याखाली डबे उघडून बसलेले आणि एकजण टेकूला पाठ घासत होता. मी तीन मजले धावत उतरलो. काय ओरडलो आठवत नाही. एका मुलीच्या हातून डबा सांडला. ती खाली बसून भात गोळा करत होती आणि मला सॉरी म्हणत होती.
मला. सॉरी.
जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, काय झालं? ऍसिडिटी म्हणालो. तिने गोळी आणून दिली. घेतली.

१६ मार्च
प्राचार्य खूश आहेत. माझा पंचेचाळीस दिवसांचा नियम त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही. वीस तारखेला टेकू काढून छोटासा समारंभ. भिंतीवर पाटी, तिच्यावर माझं नाव. मी ‘कशाला, कशाला’ म्हणालो. त्यांना तो विनय वाटला.

१७ मार्च
आधी फिटरची माफी, मग प्राचार्य. असा क्रम ठरवला. फिटर सोपा वाटला म्हणून.
तो दुसऱ्या एका साइटवर सापडला. वाकून तार पिळत होता. मी म्हणालो, “त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं. मी उगाच ओरडलो. तो छज्जा पाडावा लागेल.”
तो उठलाही नाही. म्हणाला, “कशाला पाडायचा? तुम्ही गेल्यावर सळई वर घेतली मी. मॅडमना बोलावून दाखवली, त्यांनी मोजली, मगच काँक्रीट टाकलं. खाली पोरं उभी राहणार होती, साहेब.”
मी तिथल्या विटांवर बसलो. आधी सुटल्यासारखं वाटलं. ते फार टिकलं नाही. मी तीन आठवडे तोंड लपवत होतो आणि ज्याचा मी अपमान केला, त्याने पहिल्याच दिवशी सगळं निस्तरलं होतं.
आभार मानायला तोंड उघडलं, तर त्याने विचारलं, टेकू एवढे दिवस का अडकवून ठेवलेत? ठेकेदार रोज शिव्या घालतो.

१८ मार्च
मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. विचारलं, मला का सांगितलं नाहीत?
त्या वह्या तपासत होत्या. पेन खाली ठेवलं. “मला वाटलं, तुम्ही स्वतःहून सांगाल. तुम्ही टेकू काढू देत नव्हता, तेव्हाच कळलं की तुम्हाला चूक समजली आहे. मी रोज वाट बघत होते, सर.”
‘सर’ त्यांनी नेहमीसारखंच म्हटलं. ते जास्त लागलं.
तसाच प्राचार्यांकडे गेलो. सगळं सांगितलं. नावाची पाटी नको म्हणालो, आणि विभागप्रमुख म्हणून मॅडमची शिफारस करतो, असंही मोठ्या मनाने म्हणालो. ते म्हणाले, मॅडमचं नाव दहा दिवसांपूर्वीच मंजूर झालंय.

२१ मार्च
काल टेकू निघाले. छज्जा केसभरही हलला नाही.
आज वर्गात सगळं सांगितलं. माझं ड्रॉइंग, फिटर, त्याच्यावर ओरडणं, खोटा नियम, मधमाश्या. डबा सांडलेल्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली.  इतकं खरं मी एकोणीस वर्षांत वर्गात बोललो नव्हतो.
 मग पहिल्या बाकावरच्या मुलाने हात वर केला आणि विचारलं, हे परीक्षेला आहे का?
हो म्हणालो. तेव्हा सगळे वह्या उघडून म्हणाले, सर, पुन्हा पहिल्यापासून सांगा, जरा सावकाश.