मामांचा बाप्तिस्मा

तिपासा, मार्च

चि. दातिवा हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

ताप उतरला, पण पंचाईत झाली. तू तिकडे सासूबाईंच्या सेवेत, आणि इकडे मी आता जातो म्हणून सगळ्यांनी बिशपना आणून माझा बाप्तिस्मा उरकला. मरताना घ्यायचा, म्हणजे जन्माची पापं एकदम धुऊन निघतात, हा माझा जुना बेत. बेत साधला आणि मी जगलो! आता उरलेलं आयुष्य स्वच्छ राहणं आलं. बाजारात म्हाताऱ्या घोड्याचंही वय खरं सांगतो. गिऱ्हाईकं आधी हसली, आता डोळे मिटून विश्वास ठेवतात. तुझी लेक सिद्दिना मजेत आहे, दिवसभर माझी थट्टा करते. काळजी नसावी, माया असू द्यावी.

तुझा दादा,
रोगातुस

सिराक्यूज, मे

ती. रोगातुसदादास शि. सा. न. वि. वि.

तू वाचलास, देव पावला. अंजिरं चोरून माझं नाव सांगणारा तू खरं बोलतोस, हे ऐकून सासूबाई अंथरुणात उठून बसल्या. पण दादा, व्हँडलांच्या लुटारू टोळ्या समुद्र ओलांडून तुमच्याकडे आफ्रिकेत निघाल्यात, तरण्या मुली धरून नेतात, असं खलाशी सांगतात. त्यांनी दारात येऊन विचारलं तर काय सांगशील? बाप्तिस्म्यानंतरच्या मोठ्या पापाला जन्मात एकदाच प्रायश्चित्त, हे मी जाणते. खोटं बोल म्हणून तुझा आत्मा मागायला मला तोंड नाही. पण पोर एकुलती आहे. मिळेल त्या जहाजाने तिला धाड. रागावू नकोस, जीव लावतोस तसाच लाव.

तुझी,
दातिवा

तिपासा, ऑगस्ट

चि. दातिवास अनेक आशीर्वाद.

ते आले. सिद्दिना तेलाच्या रिकाम्या रांजणात लपली होती. व्हँडलही ख्रिस्तीच, म्हणून त्यांच्या सरदाराने शुभवर्तमानाची पोथी पुढे केली. तिच्यावर हात ठेवून मी सांगितलं, घरात माझ्याशिवाय कोणी नाही. शेजाऱ्यांनी ग्वाही दिली, की हा माणूस घोडं विकतानासुद्धा खोटं बोलत नाही. ते खरंच होतं. सिद्दिनाचं नाव मात्र कोणी काढलं नाही. पाणी पिऊन ते निघून गेले.

बिशपना मी होऊन सांगितलं. माणूस मित्र, पण नियम तो नियम. आता प्रायश्चित्ताचं गोणपाट नेसून प्रार्थनेला चर्चच्या दाराबाहेर उभा असतो. आत घेतील तेव्हा घेतील. पश्चात्ताप मात्र जराही होत नाही. हे एक पाप पोटात राहिलंय, कुणाला सांगू नकोस. पत्र सिद्दिनाच्याच हाती देतोय. वेगळा लोभ काय मागू, पोर पोचली की सगळं आलं.

रोगातुस

सिराक्यूज, सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न.

पोर पोचली. केसांना अजून तेलाचा वास येतो. इथल्या चर्चमध्ये ती आत पाऊल टाकत नाही, दाराबाहेर उभी राहते. बिशप स्वतः बोलवायला आले, तर म्हणाली, मामा आत गेले की मीही जाईन. मी रागावून पाहिलं. आता मीही तिच्याशेजारी उभी असते. काल सासूबाईही काठी टेकत आल्या आणि आमच्याजवळच थांबल्या.

ऊन फार असतं. डोक्यावर काहीतरी घेत जा.

तुझी,
दातिवा